इटालियनमधला तू

२२ सप्टेंबर १९८५, रविवार

“पुन्हा,” श्रीरंग म्हणाले, आणि मी पुन्हा तिथेच अडखळले. ओट्यावर कांदा अर्धा चिरलेला, पुस्तक त्यांच्या हातात. ते फ्लॉरेन्समधल्या कॉफीच्या दुकानात उभा असलेला मित्र, मी त्यांची मैत्रीण. मी कॉफी घेणार आहे, एवढं मला सांगता आलं. पुढचं वाक्य अगदी लहान होतं. ए तू? म्हणजे, आणि तू?

इटालियनमध्ये ‘ए’ म्हणजे आणि. ‘तू’ म्हणजे तूच. उच्चारही तोच. लग्नापासून ज्यांना अहो म्हणत आले, त्यांना तोंडावर ‘ए तू’ म्हणायचं. मी ‘ए लेई’ म्हटलं. लेई हा इटालियनमधला आदराचा शब्द.

“पुस्तकात तू आहे,” ते म्हणाले.

“लेईसुद्धा चालतं.”

“लेईचा अर्थ काय?”

“खरं तर ‘ती’. आदर म्हणून समोरच्याला ती म्हणतात.”

“म्हणजे मी ती.”

“अहो, नियमच आहे तसा.”

“पुन्हा,” ते म्हणाले.

हे सगळं शुक्रवारपासून सुरू झालं. इथे अमेरिकेत हॅनलीबाईंकडे मी कलेच्या इतिहासाचं एम.ए. करते आहे, चाळिशीनंतर, सावकाश. त्या जानेवारी ते मे विद्यार्थ्यांना घेऊन फ्लॉरेन्सला जातात. मदतनीस म्हणून बरोबर जाणारी मुलगी लग्न ठरल्यामुळे गळली. बाई म्हणाल्या, उत्तरा, तू चल. अट एकच, डिसेंबरच्या सुरुवातीला बोलण्याची परीक्षा पास व्हायला हवं. मी हो म्हणाले नाही, नाही म्हणाले नाही.

जेवताना श्रीरंगांना सांगितलं. ते घास संपवून म्हणाले, “तू ठरव.”

“तुम्हाला काय वाटतं?”

“मी काय, मी आहेच.”

याचा अर्थ मला लागला नाही. दुसऱ्या दिवशी ते लायब्ररीतून इटालियन संभाषणाचं पुस्तक घेऊन आले. धातुशास्त्राच्या प्रोफेसरला याची काय गरज? नको म्हणावं तर मदत नाकारल्यासारखं होतं.

२५ सप्टेंबर

आज दिवसभर कॉलेजच्या स्लाइड लायब्ररीत काम. जुन्या स्लाइड काढून नव्या काचेत बसवायच्या, खाली डाव्या कोपऱ्यात लाल ठिपका चिकटवायचा. त्यामुळे प्रोजेक्टरमध्ये उलटी जात नाही. इटली मला ठिपक्यासकट पाठ आहे. चित्र भिंतभर असो की पाटाएवढं, माझ्याकडे ते दोन बोटांत मावतं.

आज भिंतीवरची चित्रं होती. तिकडे ओल्या चुन्याच्या गिलाव्यावर रंगवत. गिलावा वाळला की तो रंग घेत नाही. म्हणून दिवसभरात रंगवून होईल तेवढाच तुकडा सकाळी लिंपायचा, आणि संध्याकाळी उरलेला खरवडून टाकायचा. नीट पाहिलं तर तुकड्यांचे सांधे दिसतात. एका संताच्या डोक्याला अख्खा दिवस दिलेला, आणि त्याच्यामागचं आकाश, डोंगर, शेळ्या सगळं मिळून एक दिवस. जेवढ्या पोळ्या तेवढीच कणीक. मला हे फार आवडलं. हॅनलीबाईंना सांगायला गेले, तर कणीक समजावण्यातच मूळ मुद्दा राहिला.

शाळेच्या सहलीत अजिंठा पाहिला होता. एक माणूस गुंफेबाहेर आरसा धरून ऊन आत टाकायचा. त्याचा हात हलला की चित्र हलायचं. तिथे भिंत होती, उजेड उसना. इथे टेबलाखालून हवा तेवढा उजेड येतो, भिंत नाही.

मला भिंत पाहायची आहे. हे इथे लिहिलं. घरी बोलले नाही.

३ ऑक्टोबर

सिन्योरा लुचाना आम्हाला बोलायला शिकवतात. लुक्का गावच्या. अमेरिकन सैनिकाशी लग्न करून इकडे आल्या. त्यांना माझी अडचण सांगितली. त्या इतक्या हसल्या की चष्मा काढून पुसावा लागला.

त्यांची आजी आजोबांना जन्मभर ‘वोई’ म्हणायची. वोई म्हणजे तुम्ही. अनेकवचन, अगदी आपल्यासारखंच. त्या वोईच्या जोरावर तिने घर, द्राक्षांचा मळा आणि आजोबा तिन्ही चालवले. सिन्योरा शाळेत असताना सरकारने हुकूम काढला की लेई बायकी आहे, परक्यांकडून आलेलं आहे, यापुढे सगळ्यांनी वोई म्हणायचं. मास्तर स्वतःच चुकायचे आणि मुलांना ओरडायचे. पोस्टात लोक बोलायच्या आधी थांबून विचार करायचे. आजीला काहीच बदलावं लागलं नाही. सरकारला अखेर अक्कल आली, म्हणाली. मग युद्ध संपलं, ते सरकार गेलं, लेई परत आलं. आजी वोईवरच राहिली.

“आणि तुम्ही नवऱ्याला काय म्हणायचात?” मी विचारलं.

“यू,” त्या म्हणाल्या. “इंग्रजी आळशी भाषा आहे. आम्हा दोघांना कधी ठरवावंच लागलं नाही.”

स्लाइडवर मी राजवटींची सालं लिहिते. एक राजवट सर्वनामात मावते हे माहीत नव्हतं.

१२ ऑक्टोबर, शनिवार

फुटबॉलची मॅच. सगळं गाव स्टेडियमकडे निघालेलं आणि आम्ही उलट्या दिशेने, पिट्सबर्गला, तूरडाळ आणायला. चौकात गाडी अडकली ती अडकलीच. श्रीरंग स्टिअरिंगवर बोटं वाजवत होते. मागे विनीता कानात वॉकमन घालून.

“सुरू कर,” श्रीरंग म्हणाले.

“इथे?”

“इथेच. कुठे जायचंय?”

मी पुढच्या गाडीच्या नंबरप्लेटकडे पाहत कॉफी मागवली. मग म्हटलं, “ए तू?”

“आंके इओ,” ते म्हणाले. मीपण.

गाडी थोडी पुढे सरकली.

“व्हॉट्स सो फनी?” विनीताने वॉकमन काढून विचारलं. कोणी हसलं नव्हतं. निदान मी नव्हते हसले.

तिला सगळं समजावलं. ती पंधरा वर्षांची, इथेच जन्मलेली. मराठी समजते, उत्तर इंग्रजीत देते. म्हणाली, “वेट. यू कॉल मी तू. आजीला तू. देवाला तू.”

“हो.”

“सो ओन्ली डॅड इज तुम्ही?”

“असं कसं? पुरुषोत्तमकाकांना तुम्ही. अनोळखी माणसाला तुम्ही.”

“डॅड अँड स्ट्रेंजर्स. नाइस.”

“अनोळखी माणसांना ती यू म्हणते,” श्रीरंग म्हणाले. “पोस्टमनला वगैरे. मी एकटाच आहे.”

परत येताना त्यांनी आणखी तीन वेळा कॉफीचा संवाद घ्यायला लावला. शेवटी मला कंटाळा आला. त्यांना आला नाही.

२७ ऑक्टोबर

श्रीरंग आठवडाभर स्वयंपाक करताहेत. सोमवारी पिठलं, गुठळ्यांचं. मंगळवारी पुन्हा पिठलं, बरंच बरं. बुधवारी भात करपला. आज आमटी. मी कॉलेजातून उशिरा येते हे दाखवायची ही पद्धत असावी. सरळ बोलले असते तर बरं झालं असतं.

त्यात मालिनीकाकूंचा फोन. काकू आणि पुरुषोत्तमकाका इथल्या मराठी मंडळींत सगळ्यांत आधी आलेले. म्हणून त्यांना सगळं माहीत असतं.

“अगं, श्रीरंगचा फोन होता. आमटीला फोडणी आधी की नंतर, विचारत होता. नवऱ्याला जेवायला घालत नाहीस की काय?”

मला लाज वाटली. फोन ठेवून म्हटलं, “अहो, मी करते ना. काकूंना कशाला विचारायचं?”

“नको. हात बसायला हवा.”

कशासाठी, ते विचारलं नाही. रागात होते. विनीताला दातांच्या डॉक्टरकडेही यापुढे तेच नेणार म्हणे. तिच्या शाळेतल्या बाईंना परस्पर भेटून आले. एकेक काम माझ्या हातून काढून घेताहेत. मी जाणार नाही म्हटलं तर हे थांबेल का? पण जाणार नाही असं म्हणवत नाही.

आमटी चांगली झाली होती. गूळ जरा जास्त.

३ नोव्हेंबर

आज आज्ञार्थ. जा, ये, बस, लिही. स्टेशनवरचा संवाद होता. गाडी सुटते आहे, मी डब्यात, ते फलाटावर. पुस्तकात त्या माणसाचं शेवटचं वाक्य ‘लवकर पत्र लिही’ असं आहे. श्रीरंगांनी ते म्हटलं. मग पुस्तक मिटून म्हणाले, “नोन वाई.”

“चूक,” मी म्हटलं. “जा म्हणायचं तर वाई. पण जाऊ नको म्हणायचं तर नोन वाई चालत नाही. तू असेल तेव्हा नकाराला मूळ क्रियापद ठेवायचं. नोन आन्दारे.”

“नोन आन्दारे.”

“र जरा मोकळा सोडा.”

“नोन आन्दारे,” ते म्हणाले.

या वेळी उच्चार अगदी बरोबर होता. तसं त्यांना सांगितलंही. पुस्तकात नसलेली वाक्यं ते स्वतः करू लागले, ही मोठी प्रगती आहे.

मग ते गॅरेजमध्ये गेले आणि बराच वेळ आले नाहीत. बर्फ सुरू व्हायच्या आत दरवर्षी टायर तपासतात.

“इज डॅड ओके?” विनीताने विचारलं.

“टायर बघताहेत,” मी म्हटलं.

आल्यावर त्यांनी हात धुतले आणि विचारलं, “जा कसं म्हणायचं म्हणालीस?”

“वाई.”

“हे सोपं आहे,” ते म्हणाले. पण म्हणून पाहिलं नाही.

१६ नोव्हेंबर, शनिवार

दिवाळी मंगळवारी झाली, मंडळी आज आली. हॉलमध्ये सतरंज्या घातल्या होत्या. बुटांचा ढीग दाराशी. मी पाहुण्यांना करंज्या देत होते. आत कुकरच्या शिट्ट्या चाललेल्या. एक, दोन, तीन, चार. माझे दोन्ही हात अडकलेले. मी हॉलच्या या टोकाकडून ओरडले, “श्रीरंग, तू कुकर बंद कर ना!”

बोलणी नेमकी त्याच वेळी थांबलेली होती. सगळ्यांना ऐकू गेलं. मला माझाच आवाज उशिरा ऐकू आला.

“इटलीचं अजून ठरायचंय ना गं?” मालिनीकाकू म्हणाल्या. “भाषा तर येऊन पोचली.”

“ऊठ बाबा श्रीरंग,” पुरुषोत्तमकाका म्हणाले. “ही मला अहो म्हणून म्हणून जन्मभर कुकर बंद करायला सांगते आहे.”

“एकदा तरी केलात का?” काकू म्हणाल्या.

सगळे हसले. मी ताटाकडे बघत राहिले. श्रीरंग उठून आत गेले. शिट्टी अर्धीच वाजून थांबली. दारात येऊन ते म्हणाले, “फात्तो.” म्हणजे झालं. कोणाला कळलं नाही, तरी पुन्हा हसले.

नंतर स्वयंपाकघरात काकू माझ्याजवळ आल्या. “जायचं असेल तर खुशाल जा. तो उपाशी राहायचा नाही. आमटी उत्तम येते त्याला आता.” त्यांच्या डोक्यातून ती आमटी जात नाही. मी टोमणा मनावर घेतला नाही.

मंडळी गेल्यावर आम्ही सतरंज्या झटकल्या.

“चुकून गेलं तोंडातून,” मी म्हटलं.

“व्याकरण बरोबर होतं.”

“अहो, सगळ्यांसमोर.”

“सगळ्यांना करंज्या आवडल्या,” ते म्हणाले आणि सतरंजीचं दुसरं टोक माझ्याकडे दिलं.

२८ नोव्हेंबर

थँक्सगिव्हिंग. बाहेर सगळं बंद. आम्ही टर्कीऐवजी पुलाव केला. म्हणजे श्रीरंगांनी केला, मी काजू तळले. परीक्षा आठवड्यावर आली आहे आणि मी अजून हॅनलीबाईंना काही सांगितलेलं नाही. पास झाले तर सांगावं लागेल. नापास व्हावं असं काल दुपारी क्षणभर वाटलं. ते वाटणं आवडलं नाही.

जेवताना विनीताने विचारलं, “हॅव यू गाइज एव्हर बीन? टू इटली?”

मी तिला सांगितलं. एकोणसत्तर साली लग्न करून इकडे येताना विमान रोमला बिघडलं. दुसऱ्या दुपारपर्यंत मोकळीक होती. हॉटेलजवळ एक चर्च होतं. नाव आजही माहीत नाही. मी दाराशी चपला काढल्या. श्रीरंग म्हणाले, तू आधी जा, मी चपला सांभाळतो, मग मी जातो. देवळाबाहेर करतात तसं. तिथे चपला कोणी चोरत नाही हे आम्हाला माहीत नव्हतं. कोणी काढतच नाही, हेही नव्हतं. आत फरशी गार होती. वर पाहिलं तर छत नव्हतंच, नुसतं आकाश रंगवलेलं, आणि त्याच्या काठावर पाय सोडून बसलेली माणसं. मी फार वेळ लावला. बाहेर आले तर निघायची वेळ झाली होती.

“डॅड, यू मिस्ड इट?”

“चपला होत्या ना त्यांच्याकडे,” मी म्हटलं. “ते आत गेलेच नाहीत.”

“गेलो होतो,” श्रीरंग म्हणाले.

“कधी?”

“तुला उशीर झाला म्हणून. दारातून थोडा आत. चपला हातात घेऊन.”

हे मला त्यांनी आजवर सांगितलं नव्हतं. “मग काय पाहिलंत?”

“तुला. सगळे लोक तुझ्या पायांकडे बघत होते. तू वर बघत होतीस.”

“अँड व्हॉट वॉज अप देअर?” विनीता म्हणाली.

“ते हिला माहीत. मी वर बघितलं नाही.” ते भातातले काजू बाजूला करत राहिले. काजू ते नेहमी शेवटी खातात. “तेव्हा वाटलं होतं, हिला इथे परत आणायचं. मग लॅब आली, घर आलं, तू आलीस. राहिलं.” मग माझ्याकडे पाहिलं. “आता तूच जा.”

“नक्की?”

“जा,” श्रीरंग म्हणाला.

इतके आठवडे मी त्याचं मत विचारत होते. ते एका अक्षराचं निघालं. मी त्याला आणखी पुलाव वाढला. त्याने तो खाल्ला. म्हणाला, एप्रिलमध्ये विनीताची सुट्टी आहे, आम्ही दोघं येऊ.

“विथ शूज ऑन,” विनीता म्हणाली. “प्लीज.”

६ डिसेंबर

परीक्षा झाली. परीक्षक बाहेरचे, बोलोन्याचे, पांढरी दाढी. सिन्योरा लुचाना बाजूला बसल्या होत्या. परीक्षकांनी विचारलं, फ्लॉरेन्समध्ये विद्यार्थ्यांना पहिल्यांदा काय दाखवाल. मी म्हटलं, भिंतीवरचे सांधे. गिलाव्याचं सांगितलं, मग कणकेचं. इटालियनमध्ये कणीक समजवावी लागली नाही. ते पुढे झुकले. त्यांची आई रोज सकाळी लागेल तेवढंच पीठ मळायची, म्हणाले. उरलं तर तिला राग यायचा.

मला धीर आला. तोच घात झाला. त्यांनी विचारलं, तुमचा जन्म कुठला. मी म्हटलं, औरंगाबाद, आणि अगदी सहज पुढे म्हटलं, “ए तू?”

सिन्योरा छताकडे बघू लागल्या. मी घाईने माफी मागितली. ती ‘स्कूझा’ म्हणून मागितली. स्कूझी म्हणायला हवं होतं. माफीसुद्धा तूमध्ये. इतके दिवस मी एकाच माणसाशी बोलत होते. लेई तोंडातून पार गेलं होतं.

“सराव कोणाबरोबर केलात?” परीक्षकांनी विचारलं.

“नवऱ्याबरोबर.”

“त्याची परीक्षा कोण घेतं आहे?”

पास केलं. शेरा असा की जानेवारीच्या आत लेई शिकून घ्यावं, म्युझियमच्या रखवालदारांशी भांडणं नकोत.

घरी येऊन सांगितलं तेव्हा श्रीरंग कुकरची रिंग बसवत होता. तो खूप हसला. हसता हसता रिंग खाली पडली. मी ती उचलून दिली, आणि विचारलं की आता लेईचा सराव कोणाबरोबर करू.

“दुसरा कोणीतरी शोध,” तो म्हणाला. “मला जमायचं नाही.”

७ डिसेंबर

सकाळी बर्फ पडला होता. हॅनलीबाईंच्या घरी फोन केला आणि फ्लॉरेन्सला येते म्हणून सांगितलं. श्रीरंग बाहेर वाट मोकळी करत होता. मी खिडकीवर टकटक करून मान डोलावली. त्याने फावडं वर केलं, आणि पुन्हा कामाला लागला.